दादारावांच्या खोलीत नागपूरचा डॉक्टर

एका साक्षगंधाच्या पंगतीत माझ्या मावसभावानं, नितीननं, जिलबी खाता खाता जाहीर केलं की खेड्यातल्या माणसाला आता डॉक्टरकडे जायची गरजच उरलेली नाही. तो बिनतारी फास्ट नेट बसवणाऱ्या कंपनीत आहे. "चित्र इतकं साफ येते ताई, का डॉक्टर नागपुरात बसून पेशंटच्या दाढीचे केस मोजीन," म्हणाला. आमच्या नागपुरात घरातल्या घरात फोन कटतो, त्यामुळे मी म्हटलं, दाखव. बोलाची कढी खाऊन मला नेहमीच अपचन होतं.

जाणार असाल तर सांगते. नागपूरहून यवतमाळची एसटी धरा आणि अलीकडेच, कळंबला उतरा. तिकीट परवडतं, कंबर परवडत नाही. चिंतामणीचं दर्शन घ्या. इथे गणपतीसाठी पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. स्टँडजवळ गरम आलूबोंडा आणि वर लाल रस्सा मिळतो. तो खाताना नाकातून पाणी आलं नाही तर पैसे वाया गेले समजा.

पुढे नितीनची मोटरसायकल. कळंबपर्यंतचा रस्ता सरकारी जाहिरातीतला, आतला रस्ता सरकारी. दोन्ही बाजूंना खांद्याला लागेल एवढी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती आणि बोंडअळीचं वर्ष, म्हणून जिकडेतिकडे विषारी औषधाचा फवारा चालू. तो वास ओढणीतूनही घशात उतरतो. फोटो छान येतात, श्वास नीट येत नाही.

हे दूरचं डॉक्टर-केंद्र गावातले मोठे शेतकरी दादाराव यांच्या घरात आहे. नेटचा खांब त्यांच्या गच्चीवर, टीव्ही त्यांच्या भिंतीवर, चेहरा उजळ दिसावा म्हणून गोल दिवा, पेशंटसाठी स्टूल, आणि कॅमेऱ्याला लागून दादारावांची वेताची खुर्ची. उद्घाटनाला आपण पडद्यावर दिसावं म्हणून ते तिथे बसले, ते अजून उठलेले नाहीत. खोली त्यांची, वीज त्यांची, मग खुर्चीला कोण बोलणार? "तुमी पेपरवाल्या का जी?" त्यांनी मला विचारलं. ब्लॉग म्हणजे काय ते मी सांगितलं. त्यांनी लगेच केस विंचरले.

तेवढ्यात बंडू आला. म्हणजे त्याच्या बायकोनं, वनितानं, त्याला धरून आणला. तो दादारावांच्याच वावरात रोजानं जातो. अंगातून घामाच्या धारा, तोंडातून लाळ, पाय लटपटत होते. आणि सदऱ्याला तोच वाटेवरचा वास. खोली भरून गेली. टीव्हीवर डॉक्टर आला तो खरंच इतका साफ की खिशातल्या पेनाचं टोपण दिसत होतं. नितीननं माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. पण त्याच्या नेटमधून वास जात नव्हता.

"काल फवारणी केली होती का?" डॉक्टरनं विचारलं.

बंडूनं पडद्याकडे नाही, खुर्चीकडे पाहिलं. "नाही जी. ऊन लागलं."

"डोळ्यांच्या बाहुल्या फार बारीक दिसताहेत."

"सर, ते आमच्या दिव्यानं," नितीन तत्परतेनं म्हणाला. माझ्या मावशीनं याला शिकवायला दागिने मोडले होते.

"उपाशीपोटी राह्यला असन, डॉक्टरसाहेब," दादाराव म्हणाले. "पित्त झालं असन."

डॉक्टर पित्ताच्या गोळ्या लिहायला लागला. मी वनिताला दाराशी ओढलं.

"कालचा अख्खा दिवस यायच्याच पऱ्हाटीले फवारा मारला, ताई," ती कुजबुजली. "पण मालकासमोर कसं म्हणाव? दवाखान्यात तसं सांगतलं की चौकशी येते म्हणे, गड्याले हातमोजे देल्ले होते का म्हणून. मंग आमाले काम कोन देईन?"

मला संताप आला आणि भीतीही वाटली. हा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, उत्तम प्रकाशात मरणार होता. दादारावांना उठा म्हणायची माझी काय टाप? मग मी मोबाइल काढला. "दादाराव, टॉवरसोबत तुमचा एक फोटो पाहिजे. ब्लॉगवर सगळ्यात वर टाकते."

ज्या खुर्चीवरून माणूस माणुसकीनं उठला नाही, त्या खुर्चीवरून तो फोटोसाठी टुणकन उठला. जाताना मी वनिताला 'आता सांग' अशी खूण केली आणि नितीनलाही ओढत गच्चीवर नेलं. हात कमरेवर, हात खांबावर, नजर क्षितिजावर. मी त्यांना वळवत राहिले, कान खाली खोलीकडे ठेवून.

वनिता जिन्याशी आली. "डॉक्टर म्हनून राह्यले, कपडे काढा, साबनानं आंग धुवा अन् आत्ताच्या आत्ता यवतमाळले न्या. गाडी पाहा म्हंते."

गावात चारचाकी एकच, दादारावांची. ते खांब धरून उभे राहिले. "आमचा डायवर सुट्टीवर हाय," म्हणाले. मी मोबाइल खाली घेतलाच नव्हता. "तुम्हीच चालवा ना. पेशंटला घेऊन निघालेले दादाराव, याचा तर व्हिडिओच करते." त्यांनी किल्ली काढली. डॉक्टर नागपुरातून पापणी लवायच्या आत आला होता. बंडू मात्र प्रत्येक खड्ड्याला ओकत, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून गेला.

बंडू वाचला. डोळ्यांपुढे अजून धूसर येतं म्हणतात. नितीनच्या कंपनीनं दादारावांचा फोटो छापला, वर लिहिलं, नेटनं जीव वाचवला. टीव्ही शाळेत हलव, असं मी नितीनला घरी बोलावून, जेवू न घालता सांगितलं. "ताई, खोली फुकट भेटली आहे," म्हणाला.

काल वनिताचा फोन आला. बंडूचं बरं आहे, म्हणाली.

"ताई, तुमी पुन्हा कवा येसान? माह्या भासऱ्यालेही, यायच्या मोठ्या भावाले, फवारा लागला. डॉक्टर टीव्हीवर हाय, नेट चालू हाय. पन मालकाले कोनीतरी खोलीबाहेर न्याले पायजे."