उजव्या हाताने जेवणारा भाऊ

घरच्या फोटोंच्या तीनशे बारा स्लाइड्स होत्या, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्म. १९९९ साली बहारीनमध्ये, झिंज भागातल्या एका फोटो स्टुडिओत स्लाइड्स स्कॅन करायचं मशीन आलं. पन्नास स्लाइड्स एकदम लावायच्या. मशीन एकेक आपोआप ओढून घेतं आणि चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवतं. मी घरी बसून प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर समोरच्या बाजूला क्रमांक घातला, लाल ठिपका काढला आणि काउंटरवरच्या माणसाला दोनदा बजावलं, "लाल निशान सामने दिखना चाहिए." तो म्हणाला, "सर, टेन्शन मत लो."

सीडी मिळाली. मी फाइली मोजल्या. तीनशे बारा. आकडा जुळला म्हणून चित्रं उघडून पाहिली नाहीत, ही माझी चूक.

शुक्रवारी दुपारी माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये अण्णांना, म्हणजे वडिलांना, कॉम्प्युटरसमोर बसवलं. आई गेल्यावर ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. शंभर चित्रं ठीक गेली. एकशे एकपासून काहीतरी खटकू लागलं. आईचा पदर उजव्या खांद्यावर. शर्टांचे खिसे उजवीकडे. पन्नासची एक अख्खी खेप उलटी लावली होती. एकही ठिपका दिसत नसताना पन्नास स्लाइड्स लावणाऱ्या माणसाला डोळे कशाला दिलेत? मी फोन करायला उठणार एवढ्यात एकशे सव्विसावं चित्र आलं आणि अण्णा म्हणाले, "थांब."

माझा धाकटा भाऊ ताटावर बसून आमरस ओरपत होता. शेजारी आई वाढत होती. काविळीनं तो गेला त्याला सहा वर्षं झाली होती.

"उजव्या हातानं कसा चवीनं जेवतोय बघ," अण्णा म्हणाले. "शेवटी ऐकलंन म्हणायचं माझं."

भाऊ डावखुरा होता. तो सात वर्षांचा असताना अण्णा त्याचा डावा हात पंच्यानं पाठीमागे बांधून त्याला पाटावर बसवायचे. उजव्या हातातून आमटी सांडायची. सांडली की चापट. मी अकरा वर्षांचा. शेजारी बसून, खाली मान घालून मी माझं ताट संपवायचो. रोज, दोन वर्षं. मोठेपणी तो अण्णांसमोर उजव्या हातानं कसंबसं जेवायचा, अर्धपोटी उठायचा आणि मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डाव्या हातानं खायचा. मी बहारीनहून पहिल्या रजेवर गेलो तेव्हाचा हा फोटो. अण्णा परगावी गेले होते. तोच म्हणाला होता, "दादा, काढ आता फोटो. साहेब नाहीयेत घरात."

"अण्णा, हे चित्र उलटं आलंय. स्टुडिओवाल्यानं घोळ घातलाय."

"मशीन कशाला घोळ घालील?"

मी मूळ स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. त्यांनी बघितलं नाही. मग कॉम्प्युटरवर चित्र सुलटं केलं. आईचा पदर डाव्या खांद्यावर आला, आमरसात बुडालेला हात डावा झाला.

"होतं तसं कर," अण्णा म्हणाले. "त्याचा मोठा प्रिंट काढून दे. देवघराशेजारी लावीन."

"उजव्या हातानं तो कधी पोटभर जेवला नाही, अण्णा. तुम्ही हात बांधायचात म्हणून."

बायको आतून आली. "अहो, देऊन टाका ना. म्हातारं माणूस आहे. कुणाचं काय बिघडतंय?"

"त्याचं बिघडतंय!" मी इतक्या जोरात ओरडलो की तिनं आधी खिडकी लावून घेतली.

शनिवारी संध्याकाळी स्टुडिओत गेलो. "सर, फ्लिप कर लो ना, एक क्लिक का काम है." मी सांगितलं, पन्नासच्या पन्नास पुन्हा लावल्याशिवाय इथून हलणार नाही. दोन तास त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. यातला निम्मा राग त्याचा नव्हता, हे मला कळत होतं. खाली मान घालून जेवणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाचाही त्यात वाटा होता. तरी मी आवाज उतरवला नाही.

अण्णा निघाले तेव्हा सुलटा प्रिंट त्यांच्या बॅगेवर ठेवला. त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला.

"दुसरा, उजव्या हाताचा, असेल तर दे."

"नाही देणार."

विमानतळावर मी त्यांच्या पाया पडलो. दुसरा प्रिंट मी काढलाच नव्हता.