पितृपक्षात पाहिलेलं स्थळ

"पितृपक्षात कुणी स्थळ बघायला जातं का?" टॅक्सी दारात उभी असताना सासूबाईंनी विचारलं. दोन दिवस हा प्रश्न त्यांनी गिळून ठेवला होता.

"आई, इटलीत पितृपक्ष नसतो," हे म्हणाले आणि बॅग डिकीत टाकून पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. आमचे हे म्हणजे रामदास, दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. आजवर घरातून सगळ्यात लांब गेले होते ते बंगळूरला, तेही कृषी प्रदर्शनाला.

आमची सायली तोरिनोला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. मग एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, मात्तेओ म्हणून एक मुलगा आहे." मुलाच्या घरची वायनरी होती. आई, वडील आणि हा, तिघं मिळून द्राक्षं पिकवत आणि घरीच वाईन करत. आमच्या गावाभोवती वायनऱ्यांना तोटा नाही, शेजारचे दोघं-तिघं त्यांना मालही घालतात. पण जावई वायनरीवाला, तोही इटलीचा, हे मला काही पचेना. मी म्हटलं, त्यांनी यावं नाशिकला. त्यावर मुलाच्या आईने निरोप धाडला, "आमचं घर बघायचं असेल तर वेंडेम्मियात (द्राक्षांच्या खुड्यात) या. तेव्हा माणसं दमलेली असतात, त्यामुळे कुणाला नाटक करता येत नाही."

ही बाई मला न भेटताच अर्धी आवडली. उरलेल्या अर्धीचं काय करायचं ते ठरवायला मी निघाले होते.

मिलानच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतला चिवडा बाहेर काढला. पाकीट दाबून पाहिलं, हुंगलं, हलवून त्याचा आवाज ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खाण्याची खूण केली आणि जीभ बाहेर काढून "तिखट" असं दाखवलं. तो इतका हसला की मागची सगळी रांग हसायला लागली. पाकीट परत मिळालं. परदेशातली माझी पहिली बातचीत एकही शब्द न बोलता पार पडली, या आनंदात मी यांची बॅग तिथेच विसरून पुढे गेले आणि धावत परत आले.

बाहेर सायली उभी होती आणि तिच्या शेजारी ताडमाड उंच, कुरळ्या केसांचा एक मुलगा. तो वाकून आम्हा दोघांच्या पाया पडला. मग छाती भरून श्वास घेतला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला,

"नमस्कार! मी मात्तेओ. मी तुमची खूप वाट बघत होते. द्या, सामान मी घेते."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी सायलीकडे. सायली लालबुंद झालेली.

"माझ्याकडूनच शिकलाय ना तो," ती पुटपुटली. "मी जसं बोलते तसंच बोलतो. कितीदा सांगितलं!"

"असू दे, असू दे," हे म्हणाले. "पोरगं गोड हाय. बोल बाबा, बिनधास्त बोल."

आणि तो बिनधास्त बोलला. गाडी चालवताना अख्खा रस्ताभर "मी दाखवते", "मी सांगते", "मी लहान होते तेव्हा" असं चाललं होतं. हे पुढच्या सीटवर बसून हसू दाबत होते आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते.

आस्ती गाव मागे पडलं आणि टेकड्या सुरू झाल्या. आमच्याकडचे डोंगर कसे ताठ, काळेकभिन्न, वर कातळाची पगडी घातलेले. वणीला जाताना ते अंगावर येतात. इथल्या टेकड्या तशा नव्हत्या. कुणी मोठी गोधडी झटकून तशीच सोडून दिल्यासारख्या मऊ लाटा एकामागून एक चालल्या होत्या आणि प्रत्येक लाटेवर वेलींच्या ओळी विंचरून बसवलेल्या. माथ्यावर एखादं चर्च, त्याला बिलगलेली दहा-वीस घरं. यांचं लक्ष मात्र फक्त वेलींवर.

"वेलींचा मांडव कुठाय?" त्यांनी विचारलं. "अन् या चढावर ट्रॅक्टर पलटी नाय होत?"

"होते," मात्तेओ आनंदाने म्हणाला. "एकदा मी पडले!"

घर पिवळ्या रंगाचं होतं, टेकडीच्या खांद्यावर. अंगणात अंजिराचं झाड, खाली उतारावर बाग. मात्तेओची आई रोझान्ना एप्रनला हात पुसतच बाहेर आली. बुटकी, दणकट, हातांची बोटं द्राक्षांच्या रंगाने जांभळी झालेली. तिने माझे दोन्ही गाल धरले आणि दोन्हीकडे मुके घेतले. यांचेही घेतले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण यांचे कान इतके लाल झालेले मी कधी पाहिले नव्हते.

तिचा नवरा पिएरो कमी बोलणारा. त्याने यांचा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरचे घट्टे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. यांनीही त्याचा हात उलटा केला. दोघांचं स्थळ तिथेच पसंत झालं.

मी पितृपक्षात मांसाहार करत नाही हे सायलीने आधीच सांगून ठेवलं होतं. रात्री जेवायला ताज्यारिन होत्या, म्हणजे अंडं घालून मळलेल्या पिठाच्या, शेवयांसारख्या बारीक पट्ट्या. अंडं चालेल की नाही यावर सायली आणि रोझान्ना यांच्यात म्हणे आठवडाभर खलबतं झाली होती. शेवटी माझ्यासाठी बिनअंड्याच्या वेगळ्या लाटल्या होत्या, वर लोणी आणि कसल्याशा पानांची चुरचुरीत फोडणी. भाजलेल्या लाल मिरच्या, बटाटे, आणि हेझलनट नावाच्या तिथल्या दाण्यांचा केक. मी चिवडा काढला. पिएरोने एक घास खाल्ला, घाम पुसला, पाकीट आपल्या ताटाशेजारी ओढून घेतलं आणि नंतर कुणालाही दिलं नाही.

जेवणानंतर तळघरात वाईन चाखायचा कार्यक्रम होता. तळघर म्हणजे विटांच्या कमानी, लाकडी पिंपं आणि दही विरजल्यासारखा आंबूस, गार वास. पिएरोने ओळीने पेले मांडले आणि मधे एक मातीचं भांडं ठेवलं. मात्तेओने सांगितलं, घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि या भांड्यात थुंकायचा.

"थुंकायचा?" यांना धक्काच बसला. "वर्षभर राबून केलेलं, पाव्हण्याला दिलेलं, अन् थुंकायचं? आपल्यात नाय चालत असं."

आणि ते भांडं यांनी पायाने बाजूला सारलं.

पहिली वाईन बार्बेरा. मी ओठ लावण्यापुरती घेतली. आंबट, गडद, करवंदं खाल्ल्यावर जीभ होते तशी जीभ झाली आणि मागून मिऱ्याची चुणचुण. पुढची त्याच द्राक्षाची, पण पिंपात मुरलेली. तिला जुन्या कपाटातल्या लाकडाचा वास होता आणि चव शांत झालेली, थोरल्या जावेसारखी. हे प्रत्येक पेला रिकामा करत होते. शेवटी पिएरोने मोस्कातो ओतली. फिकट सोनेरी, बारीक बुडबुड्यांची, पिकल्या पेरूच्या वासाची. ती इतकी गोड लागली की सरबत समजून मी एक पेला संपवला आणि दुसरा मागून घेतला.

मग तळघराच्या कमानी जरा हलायला लागल्या. मला कशाचं तरी हसू येत होतं. कशाचं ते आठवलं की पुन्हा हसू. रोझान्ना मला बघून हसायला लागली, सायली आम्हाला बघून. तेवढ्यात हे उठले, पिएरोला कडकडून मिठी मारली आणि कमानी दणाणतील अशा आवाजात म्हणाले, "व्याही!"

"म्हणजे काय?" पिएरोने विचारलं. मात्तेओने टाळ्या वाजवत सांगितलं. रोझान्नाने हातातला रुमाल हवेत उडवला.

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी अजून हो म्हटलं नव्हतं.

खोलीवर आल्यावर मी यांना फैलावर घेतलं. "माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही, आणि थेट व्याही?"

"अगं, माणसं लय चांगली हायेत."

"चांगली आहेत हे मलाही दिसतंय. पण माझी पोर इथे राहणार, कायमची. उद्या काही झालं तर ती कुणाच्या गळ्यात पडणार? हा प्रश्न विचारायचा कुणी?"

हे बूट घालूनच झोपी गेले होते.

सकाळी घरात धावपळ उडाली होती. दुपारपर्यंत वादळ आणि गारा येणार, अशी पिएरोला खबर लागली होती, आणि खालच्या उतारावरचा बार्बेरा द्राक्षांचा शेवटचा माल अजून वेलीवर होता. गार म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. यांनी नाश्ता तसाच ठेवला आणि कात्री मागितली. मी साडी खोचली.

शेजारपाजारची माणसंही आली. तिथे खुडताना ओळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी जोडी लावतात, मधे वेल. माझ्या पलीकडे रोझान्ना आली. पानांच्या जाळीतून मला तिचे फक्त हात दिसत होते. घड केवढेसे, मणी इवले, आत बिया. आमच्याकडे असा माल व्यापारी हातात धरणार नाही. पण एक मणी तोंडात टाकला आणि नुसता मध!

मात्तेओ भरलेले क्रेट उचलायला आमच्याच ओळीत होता. मी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

"मात्तेओ, तुझ्या आईला विचार. उद्या तुझं आणि सायलीचं भांडण झालं, तर ती कुणाच्या बाजूने उभी राहील?"

तो क्रेट धरून तसाच उभा राहिला. "मी विचारू? माझं?"

"तूच विचार. आणि उत्तर जसंच्या तसं सांग."

त्याने विचारलं. पलीकडची कात्री थांबली. मग रोझान्ना बोलली.

"आई म्हणते," मात्तेओ चाचरत म्हणाला, "माझ्या बाजूने. मी तिचा मुलगा आहे, म्हणून. ती म्हणते, खोटं कशाला सांगू?"

मी काही बोलायच्या आत तिनेच उलट विचारलं. "आई विचारते, आणि तुम्ही?"

"मी? सायलीच्या. चूक तिची असली तरी."

हे इटालियनमध्ये पलीकडे पोहोचलं आणि पानांमागून असा काही हशा फुटला की मीही हसत सुटले. पण कात्री पुन्हा सुरू झाल्यावर ती खालच्या आवाजात बोलायला लागली. मात्तेओ एकेक वाक्य आणून देत होता. ती इथली नव्हतीच. दूर दक्षिणेतल्या कालाब्रियाची. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्यांची बोली तिला अक्षरभर कळत नव्हती आणि तिची त्यांना. कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन ती रडायची, कारण घरातून दिसणार नाही अशी तेवढी एकच जागा होती.

"आई म्हणते..." मात्तेओचा आवाज बदलला. हे त्यालाही नवीन होतं, हे मला कळलं. "आई म्हणते, सायली रडणारच नाही असं मी सांगत नाही. पण रडली, तर तिला शोधावं लागणार नाही. मला जागा माहीत आहे. मी जाऊन शेजारी बसेन."

मी पानांमधून हात घातला. पलीकडून तिचा हात आला. दोन्ही चिकट, जांभळे. मात्तेओला तेवढीच विश्रांती.

आणि आभाळ गडगडलं.

मग नुसती पळापळ. सायली ट्रॅक्टरवर, पिएरो ओरडतोय, क्रेट वर चाललेत. थेंब पडायला लागले तेव्हा शेवटच्या ओळीचं टोक तेवढं उरलं होतं. पिएरोने हात हलवला, राहू द्या. हे कसले ऐकतात! गारा टणाटण डोक्यावर आपटत असताना यांनी तो तुकडा खुडला, क्रेट छातीशी धरला आणि वळले तोच पाय सटकला. दोन ओळींच्या मधून, चिखलातून, बसल्या बसल्या घसरगुंडी करत हे थेट टेकडीच्या तळाशी पोहोचले. क्रेट मात्र हातात उंच. एक घड सांडला नाही.

मग खालून आवाज आला, "माल ओक्के हाय!"

गोदामात सगळे ओलेचिंब उभे होतो. बाहेर गारांनी अंगण पांढरं झालं होतं आणि आत चरकातून सकाळचा रस गळत होता. मी पदर सारखा केला, पेलाभर रस घेतला, रोझान्नाच्या ओठांना लावला आणि म्हटलं, "विहीणबाई." तिने तोच पेला माझ्या ओठांना लावला. साखरपुड्याला साखर नव्हती, पण तोंड याहून गोड कधी झालं नसतं. सायली माझ्या गळ्यात पडून रडत होती. मात्तेओ "मी खूप खूश झाले!" असं सगळ्यांना सांगत होता, आपल्या कालाब्रियाच्या आईला आणि गावातल्या शेजाऱ्यांनासुद्धा, मराठीतच.

परतताना विमानतळावर मी रडले नाही. कसारा घाट चढल्यावर मात्र रडले, उगाच. यांनी कमरेखाली उशी घेतली होती, घसरगुंडीची आठवण म्हणून. तरी घरी जायच्या आधी गाडी मळ्यावर घ्यायला लावली. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली होती. तिथे बाग वर्षाचं काम संपवून झोपायच्या तयारीत आणि इथे आमची नुकती जागी होतेय. त्यांचा हंगाम संपतो तेव्हा आमचा सुरू होतो, आणि आमच्या खुड्याच्या वेळी, फेब्रुवारीत, त्यांची बाग गाढ झोपेत असेल. म्हणजे पिएरो आणि रोझान्नाला लग्नाला यायला काहीच अडचण नाही. देवाने हे वेळापत्रक कुणासाठी आखलं असेल?

चार दिवसांनी रोझान्नाचा व्हिडिओ कॉल आला. सायली ऑफिसात, मात्तेओ कुठेतरी गावात. आम्ही दोघीच. मी मळ्यात होते. फोन फिरवून तिला आमची बाग दाखवली. छाटलेल्या, एकही पान नसलेल्या काड्या बघून तिने छातीवर हात ठेवला. तिला वाटलं, बाग गेली. गारांनी नेली. कसं सांगू हिला? मी फोन एका काडीजवळ नेला. पेरावर डोळा फुगला होता, टोकाशी हिरवट गुलाबी. आम्ही वेलीच्या कोंबाला डोळाच म्हणतो. मी बोटाने तो दाखवला, मग स्वतःचा डोळा दाखवला आणि म्हटलं, "डोळा. डोळा."

ती फोनमध्ये वाकली. चेहरा उजळला. तिनेही आधी आपल्या डोळ्याला बोट लावलं, मग खिडकीबाहेरच्या वेलीकडे दाखवलं.

"ओक्क्यो," ती म्हणाली. दोन्हीला एकच शब्द, त्यांच्याकडेही.