लेकीचा ऑफ-शोल्डर

चहा घेत घेत ऐका, आणि हसू आलं तर खुशाल हसा. फक्त माझ्या नणंदेसमोर हा विषय काढू नका, तिला अजून यातलं काही माहीत नाही.

तिच्याच मुलीची हळद होती, पडेगावच्या एका लॉनवर. माझी लेक श्रुती पुण्याला होस्टेलवर. तिचा फोन आला, की सगळ्या बहिणी मिळून नाचणार आहेत आणि तिला पिवळ्या घागऱ्यावर ऑफ-शोल्डर ब्लाऊज पाहिजे. ऐन लग्नसराईत एकही टेलर कापड हातात घेईना. मी म्हटलं, त्यात काय एवढं? वरून इलॅस्टिक, खालून इलॅस्टिक. उशीचे अभ्रे शिवत नाही का आपण?

"मम्मी, नक्की जमंल ना? सगळ्यांसमोर नाचायचंय मला."

तिला धास्ती वाटणारच. लहानपणी मी शिवलेले फ्रॉक 'वाढतं अंग आहे' म्हणून तिनं वर्षानुवर्षं ओढत घातलेत! माझ्या शिवणावरचा तिचा विश्वास तेव्हाच उडालाय. तो या ब्लाऊजवर परत मिळवायचा, असं मी ठरवलं.

पण पोरगी समोर नाही, मग माप कुणाचं घेणार? आपल्याकडे त्यावर उपाय ठरलेला, मापाचा ब्लाऊज! तिच्या कपाटातून एक काढला, कापडावर पसरला आणि कात्री चालवली. दंडाचं माप जरा ऐसपैस वाटलं खरं. मला वाटलं, मेसचं जेवण मानवलेलं दिसतंय. उलट बरंच वाटलं हो मला.

श्रुती परीक्षा देऊन थेट लॉनवरच उतरली. आतल्या खोलीत तिनं ब्लाऊज चढवला, हात सोडले, आणि तो सरळ खाली पोटावर आला. वर ओढला, पुन्हा पोटावर. बाहेर गाणं लागलेलं, बहिणी हाका मारतायत.

"मापाला कोणता घेतलास?" तिनं विचारलं.

"तुझ्याच कपाटातला. तो हिरवा, काठाचा."

"मम्मी, तो तुझा आहे गं. कॉलेजात साडी नेसायची होती, तवा पिना लावून घातला होता मी."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मलाही रडू फुटायचंच बाकी होतं.

पण हळदीला सगळ्याच पिवळ्या, मीही पिवळीच! दाराला कडी घातली, माझ्या अंगातला ब्लाऊज काढून तिला चढवला, पाठीमागून पिना टोचून आवळला आणि वर ओढणी सोडली. पोरगी बाहेर पळाली. आणि खोलीत राहिलो आम्ही दोघं, मी आणि तो ऑफ-शोल्डर. दुसरं होतं काय घालायला?

मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, गळ्याशी मुठीत धरला आणि सासूबाईंशेजारी जाऊन बसले. आमच्या एक चुलत सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "बघा, शहरात ऱ्हाती, पण पदर कसा घेतलाय. नायतर आजकालच्या सुना!" आजूबाजूच्या बायकांनी लगेच आपापले पदर सारखे केले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तेवढ्यात कुणीतरी मोठा पंखा आमच्याकडे वळवला. पदर उडाला, एक खांदा उघडा पडला आणि नेमका सासूबाईंनी पाहिला. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी शांतपणे बांगडीत अडकवलेली पिन काढली, माझा पदर गळ्याशी टाचला आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "हात वर करू नको. बाकी बसलाय लई चांगला."

समोर श्रुती मनसोक्त नाचत होती. ते बघून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि सासूबाईंचंही खरंच होतं. इतकी वर्षं शिवण करते, पण असा अचूक मापात बसलेला ब्लाऊज माझ्या हातून पहिल्यांदाच उतरला होता. आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती!