वन्सं आणि चतुर्थीची गोळी

आमच्या वन्सं, शालन, एका जागी बसून अभ्यास करूच शकत नसत. नगरला नर्सिंग शिकत होत्या. परीक्षेआधी काष्टीला घरी आल्या की ओसरीवर येरझाऱ्या सुरू. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातानं पदराचं टोक पिळायचं. मी भाकरी थापत असले तरी मलाच पेशंट करायच्या.

"वहिनी, तुमाला ही गोळी दिली. आता काय हुईल?"

"बरं वाटंल."

"आन् जास्त झाली तर? तुमी नापास!"

सासूबाईंना तेव्हा साखरेचा आजार नुकताच निघाला होता. सकाळची गोळी वन्संच देत, आणि ती रक्तातली साखर कशी उतरवते ते आम्हाला घोकून दाखवत.

त्या दिवशी संकष्टी होती. सासूबाई चंद्र दिसेपर्यंत चहासुद्धा घेत नसत. गोळी मात्र त्यांनी घेतली; औषधानं उपास मोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, त्या भलतंसलतं बोलू लागल्या. शेजारची सखूमावशी हळदकुंकू घेऊन धावली. "अंगात आलंया! लिंबू आना!"

"अंगात कोन न्हाई आलं, पोटात काई न्हाई गेलं!" वन्सं ओरडल्या. "वहिनी, साखरेचं पानी करा."

मी डबा काढला, तर ह्यांनी माझा हात धरला. "डॉक्टरनं साखर बंद केलीया. मारतीस का आईला?"

"दादा, गोळीनं साखर पार खाली गेलीया. शुद्ध हाय तवरच पाजता येतंय, नंतर घशात अडकंल. सोड वहिनींना!"

ह्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी हात सोडवून घेतला. सासूबाईंनी दात आवळले. वन्संनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आई, पाप मला लागू दे. पी."

घोट घोट करत पेला संपला. काही वेळानं सासूबाई माणसं ओळखू लागल्या, आणि पहिलं काय बोलल्या? "माझी चतुर्थी बुडवलीस ना गं, भवाने!"

आम्ही हसलो. वन्सं हसल्या नाहीत. डॉक्टरला दाखवून आल्यावर मला म्हणाल्या, "गोळी मीच दिली, वहिनी. तिचं समदं पाठ हुतं मला. आई आज जेवनार का, येवढंच इचारलं न्हाई."

परीक्षा त्या पास झाल्या, दवाखान्यात लागल्या. तिथल्या नर्सा त्यांना 'उपासबाई' म्हणून चिडवत. एकदा मी गेले, तेव्हा वन्संनी 'जेवलीस का?' विचारलं म्हणून साखरेचीच एक म्हातारी वैतागून म्हणत होती, "मंगळवार हाय माझा, पर औषधाला काय हुतंय?"

वन्संनी गोळी मुठीत मिटली आणि तिच्या सुनेला म्हणाल्या, "आधी हिला खाऊ घाल."