सोमवारच्या मौनानं वाचवलेली फी

मैत्रिणींनो, आज सकाळची गंमत सांगते. दर सोमवारी पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. देवासाठी फुलं निवडत होते, तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा असेल म्हणून उचलून स्पीकरवर टाकला.

"बँकेतून बोलतोय. तुमचं खातं आज बंद होणार. आत्ता आलेला ओटीपी सांगा."

लेकीच्या कॉलेजच्या फीचे पैसे त्याच खात्यात. पण बोलायचं कसं? पूजा झाली की सांगू, म्हणून मी आकडा चक्क कागदावर लिहून ठेवला. तो आपला ओरडतोय, "मॅडम, लवकर बोला."

आवाज ऐकून जाऊबाई आत आल्या. "पावणं, तिचं मौन हाय, ती बोलायची न्हाय. तुमी बँकेतच हाय न्हवं? थांबा तितंच, आमीच येतो की."

त्यानं फोनच ठेवला.

दुपारी दोघी बँकेत गेलो. पैसे जागेवर होते. साहेब म्हणाले, "ओटीपी बँक कधीच विचारत नाही, काकू."

मौन नसतं तर मी सांगून मोकळी झाले असते, हे खरं. म्हणून नेम वाढवलाय. ओटीपीपुरतं आता सातही वार मौन. तुमच्यातलं कोण कोण धरतंय माझ्याबरोबर?