आवाज बंद ठेवून केलेलं सहस्रावर्तन

गणपतीत आमच्या शारजाच्या मंडळात अथर्वशीर्षाचं सहस्रावर्तन होतं, त्याच्या वाटणीचा कागद मी करतो. पन्नास माणसं, प्रत्येकी वीस वेळा, खलास. एवढ्या एका कौशल्यावर मी इथे बारा वर्षं मान मिळवून आहे. त्याच कौशल्याने मी एका बाईचं गाणं जवळजवळ मारलं होतं.

ती माझ्याच ऑफिसातली, युगांडाची, कस्टम्सचे कागद बघणारी. अल नहदाला तिची बिल्डिंग आमच्या मागेच, म्हणून सकाळी माझ्या गाडीतून जेबेल अलीच्या ऑफिसला यायची. मला ती 'सेबो' म्हणते. सेबो म्हणजे त्यांच्याकडचं 'साहेब', पण ती ज्या सुरात म्हणते त्यात साहेबपणा फारसा उरत नाही. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, "तुम्ही घरी आफ्रिकन बोलता का?"

"हो," ती म्हणाली, "तुम्ही इंडियन बोलता ना, तसंच."

शारजातून दुबईत शिरायचं म्हणजे सकाळी तासभर तरी पुढच्या गाडीची मागची काच बघत बसायचं. मला त्या गाडीशी मराठीत बोलायची सवय आहे. "चल गं बाई, चल. आज पोचायचंय." बायको म्हणते, तिच्याशी मी इतक्या मायेने कधी बोललो नाही.

त्या तासात ती फोनवर गाणी लावायची आणि माझी शिकवणी घ्यायची. "हा खालून येणारा ढुम् ऐका. हा दक्षिण आफ्रिकेतला. आता आमची पोरं त्यावर आमच्या लुगांडा भाषेत गातायत. पूर्वी वाटायचं, इंग्रजीत गायलं तरच जग ऐकेल. आता जगच म्हणतं, तुमच्या भाषेत गा. बघा तुम्ही, पुढे हेच येणार." पुढे म्हणायची, "आणि गाणं सुरू होण्याआधीची ती लांबलचक वाजवावाजवी गेली. ॲपवर थांबतं कोण? तीस सेकंद ऐकलं तर एकदा ऐकलं असं धरतात. त्याआधी माणूस पळाला की गेला."

या सगळ्या ज्ञानातून मी नेमके तीस सेकंद लक्षात ठेवले.

मग तिने स्वतःचं गाणं केलं. कपाटात ब्लँकेटं टांगून, आत उभं राहून फोनवर गायली. ताल कंपालातल्या चुलतभावाने भरला. तिथला एक निर्माता तिला म्हणाला होता, गाणं महिनाभर ॲपवर राहू दे. लोक खरंच ऐकतायत असं दिसलं, तर पुढची गाणी मी करतो.

"बेचाळिसाव्या वर्षी दुसरा चान्स कोण देतं, सेबो?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

माझ्यातला वाटणीवाला जागा झाला. मंडळाच्या ग्रूपवर लिंक टाकली आणि खाली सूचना: 'प्रत्येकी वीस आवर्तनं. पस्तीस सेकंद झाले की पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात असाल तर आवाज बंद ठेवा, मोजणी होते.' संध्याकाळपर्यंत नमस्काराच्या हातांचा पाऊस. एकाने तर 'श्री गणेशाय नमः' लिहून सुरुवात केली.

मुलीने माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "बाबा, दॅट्स लिटरली चीटिंग."

"ही सामुदायिक सेवा आहे."

"बट यू आर नॉट ईव्हन लिसनिंग!"

मी तिला अभ्यासाला बसवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या प्रश्न आला, "ऐकलंत? शेवटपर्यंत?"

"हो तर! शेवट म्हणजे… काय शेवट आहे!"

तिचा चेहरा उजळला. "मला वाटलं, रागवाल."

"छे छे, रागवायचं काय त्यात?" मी उदार मनाने म्हणालो. कशाबद्दल रागवायचं होतं, याचा मला पत्ता नव्हता.

पाचव्या दिवशी ती गाडीत बसली आणि फोन पर्समध्येच राहिला. ॲपने गाणं काढून टाकलं होतं. "ते म्हणतात, जवळजवळ सगळं ऐकणं खोटं आहे. शारजातूनच, पस्तीस सेकंद, पुन्हा पहिल्यापासून. कोणीतरी मशीन लावलंय म्हणे. माझ्याकडे कुठलं मशीन, सेबो?"

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "मशीन नाही," मी म्हणालो, "मंडळ आहे."

सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती बसने जायला लागली.

तीन दिवस मी एकटाच पुढच्या गाडीकडे बघत होतो, आणि त्या गाडीशीही बोलावंसं वाटेना. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. काकू मंडळातल्या, सत्तरीच्या, अल मजाजला मुलाकडे असतात.

"अरे, ते गाणं कुठे गेलं? लागत नाहीये मला."

"बंद झालं काकू. तुमची वीस झाली होती ना?"

"कधीच झाली. पण मला ते आवाज बंद करणं जमत नाही बाबा. आणि मध्येच तोडलं तर ते आवर्तन कसलं? वीसही वेळा पूर्ण ऐकलं. पोळ्या लाटताना बरं वाटतं रे, हात आपोआप चालतो. पण मला एक सांग, शेवटी तू का ओरडतोस त्यात?"

"मी?"

"तूच की! 'चल गं बाई, चल. आज पोचायचंय.' मी सूनबाईला म्हटलं, हा आपला वाटणीवाला!"

मी खुर्चीत बसलो. बसलेलोच होतो, आणखी बसलो.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. "मी गाणं ऐकलेलंच नाही. खोटं बोललो."

तिने एक इअरफोन पुढे केला. गाणं थेट तिच्या आवाजातच सुरू झालं. खालून तो ढुम् यायला लागला, मधूनमधून हॉर्न. ती म्हणत होती, रस्ता अडलाय आई, पण मी निघालेय. आणि अगदी शेवटी, सगळं थांबल्यावर, तिने गाडीत गुपचूप टिपलेला माझा चिडका, लाडीगोडीचा आवाज. त्याला तिच्याच चार आवाजांनी लुगांडात दिलेलं उत्तर. हजार वेळा वाजवलेलं गाणं मी पहिल्यांदा ऐकत होतो. नाक पुसायला कस्टम्सचा फॉर्म घेतला, तो तिने काढून घेतला.

संध्याकाळी ॲपवर तिचं गाणं चढवणाऱ्या कंपनीला मी माफीचं पत्र लिहिलं. सहस्रावर्तनाची परंपरा समजावण्यातच दोन पानं गेली. मुलीने सहा ओळींवर आणलं: चूक माझी, गायिकेला माहीत नव्हतं, पुन्हा होणार नाही. दोन आठवड्यांनी गाणं परत आलं, आकडा शून्य. मूळ दोन पानं मी गायिकेला दिली होती, ती तिने कंपालाच्या निर्मात्याला पाठवली. तो इतका हसला म्हणे, की त्याने मुदत महिनाभर वाढवून दिली.

आता ग्रूपवर माझ्या नावाने वेगळी सूचना असते: 'ऐकायचं तर ऐका. आवाजासकट.' काकू रोज पोळ्यांच्या वेळी लावतात, त्यांच्या सुनेने नैरोबीच्या मैत्रिणीला पाठवलं, तिने आणखी कोणाला. आकडा सावकाश सरकला, आमच्या रस्त्यासारखा, पण मागे गेला नाही. महिना संपला तेव्हा निर्मात्याने कळवलं: दुसरं गाणं करू. अट एकच, गाडीतला माणूस हवा.

ती पुन्हा माझ्या गाडीत येते. परवा अल नहदाच्या सिग्नलला तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी घसा साफ करून, नाटकातल्यासारखं म्हणालो, "चल गं बाई, चल!"

"हे नको, सेबो. खरं हवं."

"खरं मुद्दाम कसं येणार?" मी वैतागलो. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि पुढची पांढरी गाडी जागची हलेना. "अगं बये, हिरवा झाला की! आता काय मुहूर्त काढून निघणारेस?"

तिने बटण दाबलं. "मिळालं."

"कशात घालणार हे? काय गाणं आहे?"

"सांगणार नाही," ती फोन पर्समध्ये टाकत म्हणाली. "शेवटपर्यंत ऐकलंत की कळेल."