मागच्या सीटवरचे मिस्त्री

गाडी आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडायचे नाहीत. चपला काढायचे, मागचं दार उघडायचे आणि मागच्या सीटवर चक्क आडवे व्हायचे. गुडघे दुमडून, खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून. मग पंच्याखालून हुकूम यायचा, "चालव."

तुम्हाला वाटेल, नाटकी माणूस. मलाही तसंच वाटलं होतं. दहिसर नदीच्या पुलाजवळ त्यांचं गॅरेज. गॅरेज कसलं, पत्र्याखाली दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा. बोरीवलीतल्या मित्राने सांगितलं होतं, "स्प्रिंगांचं काम असेल तर त्यांच्याकडेच जा. पण डोकं थंड ठेवून जा." आता चाळिशीत पहिली गाडी घेणाऱ्या माणसाचं डोकं थंड असतं का? गाडी सेकंडहँड, पण टकाटक. फक्त एक गोष्ट खुपत होती. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये चार बोटं जागा दिसायची. धोतर वर धरून चिखलातून चाललेल्या म्हाताऱ्यासारखी दिसायची माझी गाडी. मला ती खाली बसवून हवी होती.

"एक बोट जागा ठेवा," मी ऐटीत सांगितलं.

"मागे कोण बसतं?"

"त्याचा काय संबंध?"

"मागे कोण बसतं ते विचारतोय."

माझी आई बसायची. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आठवड्यातून दोनदा मी तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचो. घरात तर गाडी तिच्यासाठीच घेतली असं सांगितलं होतं. पण हे बोललो तर हा माणूस काम करणार नाही, एवढं मला कळलं. म्हणून म्हणालो, "कोणी नाही. मी एकटाच असतो."

मिस्त्रींनी मागच्या सीटवरची आईची कमरेची उशी उचलली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गाडीखाली शिरले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण दोन दिवसांनी आईला घेऊन मुकाट्याने परत गेलो. मधल्या वेळात बाकीच्या गॅरेजवाल्यांना विचारून झालं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच: ग्राइंडर लावू, स्प्रिंगचे दोन वेढे उडवू, अर्ध्या तासात गाडी जमिनीला. हे मी मिस्त्रींसमोर बोललो मात्र!

"कापायचं नाव काढायचं नाही इथे!" ते एवढ्या जोरात ओरडले की आईने दचकून माझा हात धरला. मग तिला म्हणाले, "मावशी, तुमच्यावर नाही हं ओरडलो. हा पोरगा वाट लावेल तुमची."

आणि लगेच त्यांनी तिला वजन विचारलं. "बाईमाणसाला असं विचारतात होय?" आई फणकारली. नाहीच सांगितलं तिने. मिस्त्रींनी अंदाजाने तांदळाची दोन पोती मागे ठेवली आणि बोटांनी चाकावरची जागा मोजली. रिकामी गाडी खाली केली की मागे माणूस बसल्यावर ती आणखी खाली जाते, मग खड्डा आला तर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही, हे त्यांनी पोत्यांवर हात आपटत मला समजावलं. आपल्या जागी पोती बसलेली बघून आईला आलेला राग पुढे आठवडाभर टिकला.

त्यांनी बदलून घातलेल्या पहिल्या स्प्रिंगा कडक निघाल्या. गाडी दिसायला झकास. "बरं आहे हो," आई म्हणाली.

"बरं आहे म्हणताय, पण वरचं हँडल सोडलं नाहीत अजून," मिस्त्री म्हणाले आणि त्याच दुपारी त्या काढून टाकल्या. दुसऱ्या फार मऊ, गाडी डुलायची, आईला मळमळलं. तिसऱ्या त्यांनी कुठून कुठून शोधून आणल्या. एका टोकाला वेढे जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब लांब. बारीकसारीक धक्क्याला नरम आणि मोठ्याला ठाम. त्यांना जोड म्हणून नवे शॉकअप, कारण जुने ह्या स्प्रिंगांना आवरणार नाहीत म्हणे. आणि जागा ठेवली अडीच बोटं.

"मी एक बोट म्हणालो होतो ना!"

"तू बसतोस का मागे?"

दीड महिना हे चाललं होतं. शेवटच्या फेरीला मिस्त्री पंचा ओढून मागे झोपले, तेव्हा मी वैतागून विचारलंच, "हा पंचा कशाला पण?"

"पुढच्याला स्पीडब्रेकर दिसतो, तो अंग सावरून घेतो. झोपलेल्याला काय दिसणार?" ते म्हणाले. मग स्वतःहूनच बोलू लागले.

तिशीत त्यांनी पहिली गाडी घेतली. गणपतीला गावी न्यायची आणि अख्ख्या वाडीने बघत राहायचं, म्हणून स्वतःच्या हाताने चारही स्प्रिंगा कापल्या. गिरणी बंद पडून घरी बसलेले वडील गाडीभोवती कौतुकाने फेऱ्या मारत होते. त्याच आठवड्यात ते मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मिस्त्रींनी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाले. प्रत्येक ब्रेकरला गाडीचं पोट रस्त्याला घासत होतं. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्याच वजनाने पोराची नवी गाडी खराब होतेय.

"'माका हयच उतरव रे,' म्हणत होता. 'गाडी घासता तुझी.' सगळा रस्ता तेच," पंच्याखालून आवाज आला. "गाडी मीच कापलीय, हे सांगायला तोंड नाही उघडलं माझं. आठवड्याने गेला तो. अजून कुणाच्याही गाडीत मागे आडवा झालो की त्याचा आवाज येतो मला. ज्या गाडीत नाही आला, ती पास."

नुसती गाडी चालवत राहिलो. चेकनाक्याजवळ मिस्त्री उठून बसले. डोळे लाल झाले होते.

"ह्यात नाही आला रे," म्हणाले. "मावशीला बसव खुशाल."

तेव्हापासून मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे डोकवायचो. गेल्या वर्षी असाच भर दुपारी गेलो, तर मिस्त्री पत्र्याखाली छाती धरून बसलेले, घामाने निथळत. अँब्युलन्सची वाट बघायला धीर नव्हता. बाजूच्या पंक्चरवाल्याने आणि मी मिळून त्यांना माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. तो त्यांच्या घरी सांगायला धावला आणि मी एकटाच त्यांना घेऊन बोरीवलीकडे निघालो.

"मिस्त्री, आलंच हं हॉस्पिटल."

"हं."

गाडी काय सुंदर चालली होती त्या दिवशी! ब्रेकर येत होते, खोदलेला रस्ता येत होता आणि सगळं अलगद खालून निघून जात होतं. माझी नजर रस्त्यावर आणि तोंडाची टकळी चालू. त्यांना धीर यावा म्हणून बोलत होतो, की मलाच भीती वाटत होती म्हणून, कोण जाणे. मागून कण्हण्याचा आवाज नव्हता. मला वाटलं, आराम पडला, डोळा लागला.

हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी गाडीतच वाकून त्यांना तपासलं आणि मला विचारलं, "किती वेळ झाला?"

मला सांगता आलं नाही. एक तरी दणका बसला असता तर ते कळवळले असते, मी मागे वळून बघितलं असतं. पुलावर, सिग्नलला, की अगदी हॉस्पिटलच्या वळणावर, ते कुठे गेले हे मला आजही माहीत नाही. मी आपला सगळा रस्ता समोर बघून त्यांना विचारत होतो, "बघा मिस्त्री, हाही ब्रेकर कळला नाही ना?"